नाशिकचं बी, लीड्सचा वाफा आणि लिंबाएवढे कांदे: प्रदर्शनासाठी मोठा कांदा कसा घ्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लीड्सला अलॉटमेंटवर (भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यावर) दोन वर्षं कांदा करताय. घरून आणलेलं नाशिकच्या उन्हाळी कांद्याचं बी मार्चमध्ये टाकलं, शेणखत दिलं, वर ग्रोमोर हे रासायनिक खतही दिलं, तरी जुलैत हाती आले ते लिंबाएवढे कांदे. शेजारच्या वाफ्यातल्या आजोबांचे मात्र दीड-दोन किलोचे. आता सप्टेंबरच्या स्थानिक प्रदर्शनात उतरायचंय, जमलं तर पुढे कधीतरी हॅरोगेटच्या सगळ्यात जड कांद्याच्या स्पर्धेतही. म्हणून विचारताय, ‘कोणतं खत देऊ?’

खताचं नंतर बोलू, कारण तुमचं खत चुकलेलं नाही. चुकलंय ते बी आणि पेरणीची तारीख, आणि या दोन्ही चुका मुळात एकच आहेत.

कांदा दिवसाची लांबी बघून पोसतो. प्रत्येक जातीची एक ठरावीक मर्यादा असते. दिवस तेवढा लांब झाला की रोप पानं काढायचं थांबवतं आणि गड्डा धरायला लागतं, मग रोपाला तीन पानं असोत की पंधरा. नाशिकच्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसावर पोसतात. तिथे ते बरोबरच आहे, कारण रब्बीचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लावायचं आणि दिवस बारा तासांच्या आसपास येईपर्यंत रोपाची भरपूर पात झालेली असते. लीड्सला मात्र २० मार्चलाच दिवस बारा तासांचा होतो, १५ एप्रिलला जवळजवळ चौदा तासांचा, आणि २१ जूनला सतरा तासांचा. तुमचं मार्चमध्ये टाकलेलं बी उगवून वर आलं तेव्हाच त्याच्या हिशेबाने ‘पोसायची वेळ’ टळून चालली होती. दोन-तीन पानांच्या जिवावर त्याने जो काही कांदा केला, तो लिंबाएवढा. खताचं पोतं रिकामं केलं असतंत तरी यापेक्षा वेगळं काही घडलं नसतं.

उलट बाजूनेही हेच खरं आहे. इथल्या प्रदर्शनातला ‘केल्से’ हा मोठा कांदा (स्कॉटलंडच्या सीमेवरच्या केल्सो गावाचं नाव त्याला मिळालंय) कुणी हौसेने नाशिकला नेऊन लावला तर नुसती पातच येत राहील. नाशिकचा सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या थोडाच पुढे जातो आणि केल्सेला पोसायला पंधरा तासांहून मोठा दिवस लागतो. तेव्हा इकडचं बी तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. शिवाय पेरणीचं बी प्रमाणपत्राशिवाय सामानातून ब्रिटनमध्ये आणणं नियमातही बसत नाही, ते आता बंदच करा.

आता मोठ्या कांद्याचं गणित. कांदा आडवा कापून बघा. एकेक पापुद्रा म्हणजे एकेका पानाचा फुगलेला तळ. म्हणजे जितकी पानं तितके पापुद्रे, आणि पान जितकं जाड आणि रुंद तितका त्याचा पापुद्रा जाड. गड्डा धरायला लागल्यावर नवी हिरवी पानं येणं थांबतं, म्हणून त्या दिवशी रोपावर जी पात उभी असेल तेवढंच तुमचं भांडवल. केल्सेसाठी हा दिवस इथे साधारण मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि तो तुमच्या हातात नाही. हातात एवढंच आहे की त्या दिवसाच्या आत किती पानं करून घ्यायची. उबदार जागी कांद्याला साधारण आठ-दहा दिवसांनी एक पान येतं. सुरुवातीची तीन-चार पानं बारीक असतात, ती वाळून जातात, ती मोजायचीच नाहीत. जूनच्या सुरुवातीला पंधराएक दमदार पानं उभी हवी असतील तर मागे मोजत जा: पेरणी हिवाळ्यात, घरात, दिव्याखाली करावी लागते. शेजारच्या आजोबांचं गुपित बहुतेक एवढंच आहे. ते नाताळच्या सुट्टीत बी टाकत असतील. इथे जुनी रीतच आहे ती.

किती आधी पेरायचं हे मात्र तुमच्याकडे काय सोय आहे त्यावर अवलंबून आहे, आणि इथे मी एकच तारीख सांगितली तर तुमची फसगत होईल. वजनाच्या स्पर्धेतले लोक सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरतात. २०१४ साली हॅरोगेटला साडेआठ किलोचा कांदा झाला, २०२३ साली त्याच प्रदर्शनात (ते आता रिपनजवळ न्यूबी हॉलला भरतं) नऊ किलोला थोडाच कमी. असे कांदे ऑक्टोबरच्या पेरणीचे, दिव्यांखाली वाढवलेले, गरम केलेल्या पॉलिटनेलमधले (प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवातले) असतात. तुमच्याकडे टनेल नसेल, किंवा आहे पण वीज नाही, तर ऑक्टोबरची पेरणी फायद्याची नाही, उलट धोक्याची आहे. कारण ऑक्टोबरचं रोप फेब्रुवारीत बोटाएवढं जाड झालेलं असतं आणि जाड रोपाला कित्येक आठवडे दहा अंशांच्या खालची थंडी लागली की त्याला वाटतं हिवाळा उलटला, आता बी धरायचं. ते डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, काढतं. डेंगळा आला की प्रदर्शनाच्या दृष्टीने कांदा गेला, कापून टाकला तरी मधला दांडा कडक राहतो. पेन्सिलीपेक्षा बारीक रोपाला हीच थंडी लागली तर ते सहसा डेंगळत नाही. म्हणून ज्यांच्याकडे ऊब नाही त्यांनी २०-३० डिसेंबरच्या दरम्यान पेरावं, रोप घरात लहान ठेवावं आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाहेर काढावं. याने एक ते दोन किलोचा कांदा येतो. पहिल्या वर्षी याच्याच मागे लागा असं मी म्हणेन. बाजारात मिळणारे ‘सेट’, म्हणजे लावायचे लहान कांदे, यासाठी कामाचे नाहीत.

बी केल्सेचं घ्या, ताजं घ्या. कांद्याचं बी लवकर म्हातारं होतं. दोन वर्षांचं बी उगवलं तरी जोम नसतो आणि इथे तर पहिल्या आठवड्यापासून जोमच हवाय. एखाद्या नावाजलेल्या स्पर्धकाच्या निवडीचं बी मिळालं तर उत्तमच, थोडं महाग पडतं पण लागतं ते पंधरा-वीस दाणे.

पेरणीला बारीक चाळलेलं बियाण्याचं कंपोस्ट, वर अर्धा सेंटिमीटर थर, आणि १८ ते २० अंश तापमान. आठ-दहा दिवसांत अंकुर वाकलेल्या आकड्यासारखा वर येतो. तो आकडा सरळ व्हायच्या आत, मूळ अजून एकच सरळ दोर असताना, रोप छोट्या कप्प्यात हलवायचं. उशीर केला तर मुळं गुंततात, तुटतात आणि आठवडाभर वाढ थांबते. हलवताना पात धरायची, पांढरा भाग चिमटीत दाबायचा नाही. दाबलेली जागा नंतर कुजते.

उगवल्यावर मात्र ऊब कमी करायची: दिवसा १५-१६ अंश, रात्री १२-१३. खोलीच्या हीटरजवळ २२ अंशात ठेवलेली रोपं चार दिवसांत लांबुडकी होऊन लोळतात. खिडकीतला डिसेंबरचा उजेड पुरत नाही, कारण तेव्हा लीड्सचा दिवस साडेसात तासांच्याही आत असतो आणि तोही ढगाळ. साधी एलईडी पट्टी रोपांपासून वीस-तीस सेंटिमीटरवर टांगा आणि टायमर लावा. तासांचा प्रश्न नेहमी येतो. काही जण अगदी कोवळ्या रोपांना चोवीस तास दिवा देतात, कारण त्या वयात रोप दिवसमान मोजत नाही, नुसतं अन्न बनवतं. ते खरं आहे, पण चौथ्या पानानंतर ते मोजायला लागतं, आणि तास कमी करायला विसरलात तर जानेवारीतच बुडाशी मण्यासारखा गड्डा दिसायला लागतो. असं रोप पुढे मोठं होत नाही. नवख्याने सरळ बारा ते चौदा तास ठेवावेत. बाहेर न्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत दिवा रोज थोडाथोडा कमी-जास्त करून बाहेरच्या दिवसाशी जुळवायचा. पंख्याची अगदी हलकी झुळूक दिली तर पात ताठ राहते आणि मर रोगही कमी लागतो.

कुंड्या बदलताना नियम एकच: मुळं कुंडीच्या कडेला दिसली की थांबायचं नाही. दोन-तीन पानांना ९ सेंटिमीटरची कुंडी, पाच पानांना १३-१५ सेंटिमीटरची. ऑक्टोबरची पेरणी असेल तर पुढे दोन-तीन लिटरची. कुंडीत कोंडलेलं, तहानलेलं रोप वेळेआधी गड्डा धरतं. प्रत्येक वेळी कांद्याची बुडाची चकती जुन्याच पातळीवर ठेवा. खोल गाडलं तर कांदा बाटलीसारखा लांबट होतो. याच काळात जोडकांदेही ओळखता येतात. पात एकाच पंख्यासारखी न उघडता दोन वेगळ्या पंख्यांसारखी उघडायला लागली की आत दोन कोंब झालेत. ते रोप घरच्या भाजीसाठी लावा, स्पर्धेच्या वाफ्यात जागा अडवू देऊ नका.

वाफ्याचं काम शरद ऋतूतच करायचं. गादीवाफा तुम्हाला नव्याने सांगायला नको, पंचवीस-तीस सेंटिमीटर उंच, कडेला फळ्या. कांद्याची मुळं उथळ असतात, त्यांना फांद्या कमी आणि मूळकेस जवळजवळ नसतातच, म्हणून वरची तीस सेंटिमीटर माती भुसभुशीत आणि सतत दमट राहणं हेच सगळ्यात महत्त्वाचं. चांगलं कुजलेलं शेणखत चौरस मीटरला पाच-सहा किलो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ताजं शेण अजिबात नको. त्याने पात मऊ आणि मान जाड होते आणि तळकुजीला आमंत्रण मिळतं. सामू (पीएच) ६.५ ते ७ हवा. इथली अलॉटमेंटची माती बऱ्याचदा आंबट असते, साधं किट आणून तपासा आणि चुना लागलाच तर शेणखतानंतर महिना-दीड महिन्याने द्या. दोन्ही एकत्र टाकलं की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ग्रोमोर (त्यात नत्र, स्फुरद, पालाश सात-सात टक्के असतं) लावणीच्या दहा दिवस आधी चौरस मीटरला ७० ग्रॅम, बस.

एक गोष्ट मात्र लावायच्या आधी शेजाऱ्यांना विचाराच: या प्लॉटवर पांढरी सड होती का? पात पिवळी पडून रोप सहज उपटून येतं, बुडाला कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे. ते दाणे मातीत पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात आणि कांदा-लसणाच्या मुळांचा वास लागला की उठतात. तशी जमीन असेल तर तिथे कांदा लावण्यात अर्थ नाही, विकतच्या स्वच्छ मातीने भरलेला, खालून जाड कापडाने वेगळा केलेला वाफा किंवा मोठी पिंपं घ्या. दुसऱ्याच्या प्लॉटवरून बुटाला लागून आलेली माती याच रोगाची सगळ्यात मोठी वाहक आहे.

लावणीचं अंतर स्पर्धेतल्या वर्गावर ठरतं. वजनाच्या कांद्याला पन्नास-साठ सेंटिमीटर, एक-दोन किलोच्याला पस्तीस-चाळीस, अडीचशे ग्रॅमच्या वर्गाला पंधरा-वीस. माती हाताला थंड लागेल तोवर लावू नका. पंधरा दिवस आधी काळं प्लास्टिक अंथरून ती तापवा. टनेलवाले वाफ्याखाली गरम तार टाकतात, कारण गार मातीत मुळं थबकली की वर कितीही ऊब असली तरी पान येत नाही. बाहेर लावल्यावर पहिले तीन आठवडे वरून फ्लीस (पातळ कापडाचं आच्छादन) किंवा क्लोश (पारदर्शक झाकण) असू द्या. पातीला आधारही लागतो. पात लोळून मोडली की तिथून पुढचं पान मेलं. चार काठ्या आणि दोन दोऱ्या पुरतात.

आता तुमचा खताचा प्रश्न. गड्डा धरेपर्यंत नत्र हवं, कारण पानं करायचीत. मेच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, झाडाभोवती ओलं होईल एवढं. अधूनमधून समुद्री शेवाळाचा अर्क. मग रोज व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन मान आणि गड्डा मोजायला लागा. गड्ड्याची जाडी मानेच्या दुप्पट झाली की पोसणं सुरू झालं असं समजा. त्या दिवसापासून नत्र बंद, पालाश सुरू. टोमॅटोचं साधं द्रवखत चालतं किंवा सल्फेट ऑफ पोटॅश. या टप्प्यावर हात ढिला सोडून नत्र देत राहिलात तर मान जाड राहते, आतला भाग बाहेरच्या पापुद्र्यापेक्षा झपाट्याने फुगतो आणि कांदा उभा तडकतो. एक बारीक सूचना: कॅल्शियम नायट्रेट आणि कुठलंही सल्फेट किंवा फॉस्फेट एकाच डब्यात कालवू नका, तळाला पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. गंधकाची काळजी करायची गरज नाही. आपल्याकडे तिखटपणा आणि टिकाऊपणासाठी देतात, पण इथे परीक्षक कांदा चाखत नाहीत.

पाण्याबद्दल थोडं कडक बोलतो, कारण जुलैतले बहुतेक अपघात पाण्याचे असतात. चार दिवस कोरडं आणि मग एकदम पाटपाणी, ही सवय इथे मोडा. कोरड्या काळात बाहेरचा पापुद्रा आवळतो, मग भरपूर पाणी मिळालं की आतले पापुद्रे फुगतात आणि बाहेरचा फाटतो. झिरपणारी नळी अंथरा, रोज सकाळी थोडं थोडं. बोट दोन पेरं खुपसलं तर माती दमट लागली पाहिजे, चिखल नको. पातीवर पाणी मारू नका. इथल्या दमट उन्हाळ्यात रात्रभर ओली राहिलेली पात म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाला मेजवानी.

पोसणं सुरू झाल्यावर नवं पान येणार नाही, त्यामुळे आहे ते प्रत्येक पान जपायचं. फुलकिडे टनेलमध्ये जास्त. पानाच्या बेचक्यात चंदेरी ओरखडे दिसले की निळे चिकट सापळे लावा आणि बेचक्यात पाण्याचा फवारा मारून पात लगेच कोरडी होईल असं बघा. बाहेरच्या वाफ्याला मेपासून कांदामाशीसाठी बारीक जाळी. फार ऊन झालं तर? थंड देशात हा प्रश्न विचित्र वाटेल, पण जूनमधलं बंद टनेल पस्तीस अंशांवर सहज जातं आणि उष्णता जितकी जास्त तितका कांदा लवकर पोसून, लवकर मान टाकून मोकळा होतो. आपल्याला उलट हवंय, त्याने सावकाश, ऑगस्टअखेरपर्यंत पोसत राहावं. म्हणून दारं उघडी, दुपारी पातळ सावली, तापमान पंचवीसच्या आत. याच कारणाने मान मुद्दाम मोडायची नाही. गावाकडे काढणीआधी पिंप फिरवून पात आडवी करतात ती साठवणीसाठी, इथे ती केली तर शेवटचे तीन-चार आठवडे हातचे जातात.

बाहेरचं जुनं आवरण वाळून तडकलं की ते तसंच ठेवू नका. कोरड्या सकाळी ते पान वरून सरळ बुडापर्यंत सोलत आणा आणि काढून टाका. अर्धवट राहिलेलं आवरण कांद्याला आवळतं आणि त्याच्या खाली साचलेल्या पाण्याने सड सुरू होते.

वजनाचा अंदाज वाफ्यातच घेता येतो. गोल कांद्याचा सगळ्यात मोठा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्या आकड्याला त्यानेच दोनदा गुणा, आलेल्या संख्येला १६ ने गुणून हजाराने भागा, ग्रॅम मिळतात. २५ घेराला २५० ग्रॅम, ४० ला किलोच्या थोडा वर, ५० ला दोन किलो, ६० ला साडेतीनच्या जवळ, ८० ला आठ किलो. चपट्या कांद्याला हे जास्त दाखवतं, उभटाला कमी. यावरून लक्षात येईल की मोठ्या कांद्यावर शेवटच्या दिवसांतला एकेक सेंटिमीटर किती महाग असतो. ५० चा ५५ झाला तर साडेसहाशे ग्रॅम वाढतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: दिवसमानाला जुळणारं बी, नाताळच्या आसपास (किंवा ऊब असेल तर ऑक्टोबरात) पेरणी, जूनच्या आत जास्तीत जास्त पात, थंडीपासून जाड रोपाचं रक्षण, आणि पोसणं सुरू झाल्यावर नत्र बंद. खत या यादीत शेवटी आहे ते मुद्दामच.

काढणी दोन वर्गांत अगदी वेगळी असते आणि इथे नवखे हमखास गल्लत करतात.

वजनाच्या वर्गात कांदा प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मुळांवर राहू द्या. काढल्या क्षणापासून तो पाणी गमावतो. शेवटचे पंधरा दिवस रोज बुडाला अंगठा लावून बघा आणि वास घ्या. बूड मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर लगेच काढा आणि त्याच आठवड्यात कुठे छोटं प्रदर्शन असेल तर तिथे न्या. सडका कांदा वजनकाट्यावर घेत नाहीत. मुळं किती छाटायची आणि पात किती ठेवायची हे प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचूनच कात्री लावा.

दिसण्याच्या वर्गात, म्हणजे स्थानिक प्रदर्शनात बहुतेक तीन किंवा पाच कांद्यांचा संच मागतात तिथे, सगळ्यात मोठ्या कांद्याला नाही, सगळ्यात सारख्या कांद्यांना बक्षीस मिळतं. चार सुंदर आणि एक पाऊण किलोने जड असा संच हरतो. पाच मागितलेत आणि सहा मांडलेत, किंवा ‘२५० ग्रॅमपर्यंत’ असताना एक कांदा २५२ भरला, तर परीक्षक कार्डावर ‘एन. ए. एस.’ लिहून पुढे जातात, म्हणजे पत्रकाप्रमाणे नाही. २५० च्या वर्गासाठी तारेची २५ सेंटिमीटर घेराची कडी करून ठेवा, ऑगस्टमध्ये ती बसेनाशी व्हायच्या आत कांदा उपटा.

या वर्गाचे कांदे प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी काढतात. उपटल्याबरोबर, त्याच दिवशी, डागाळलेली आणि फाटलेली आवरणं उतरवून निर्मळ सालीपर्यंत या. नंतर, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सोललात तर आतली साल फिकट हिरवट निघते आणि बाकीच्यांशी रंग जुळत नाही. आधी सोलून ठेवली की सगळ्यांवर एकसारखा सोनेरी रंग चढतो. पण हावरेपणाने जास्तही सोलू नका, उघडं पांढरं मांस दिसलं की गुण गेले. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ फडक्याने धुवा, पुसा, अंगाला टाल्कम पावडर चोळा म्हणजे ओल शोषली जाते. मग हवेशीर, सावलीच्या जागी लाकडाच्या कोरड्या भुशावर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी फिरवत राहा, नाहीतर टेकलेल्या बाजूला फिकट ठसा उमटतो. ऊन दाखवायचं नाही. उन्हाने साल फुटते. मान सुकली की तीन-चार सेंटिमीटरवर छाटून, दुमडून, साध्या रंगहीन राफियाने (ताडासारख्या झाडाच्या पानाच्या दोऱ्याने) घट्ट बांधायची, सगळ्यांची सारख्याच उंचीवर. मुळं चकतीपर्यंत स्वच्छ कापायची. लागतील त्याच्या दुप्पट कांदे तयार ठेवा, कारण संच जुळवणं म्हणजे वधू-वर मेळाव्यासारखं आहे, एकट्याने देखणं असून भागत नाही.

नेताना प्रत्येक कांदा कापडात गुंडाळून खोक्यात वेगळ्या कप्प्यात ठेवा, मांडताना प्लास्टिकच्या छोट्या कड्यांवर. बोटांचे ठसेसुद्धा सालीवर दिसतात, म्हणून मांडताना हातात सुती मोजे.

प्रदर्शन संपल्यावर उत्तम कांदा भाजीत घालू नका. बूड टणक, मान बारीक, आकार गोल असलेले तीन-चार बाजूला काढा, थंड कोरड्या जागी ठेवा आणि हिवाळ्यात कुंडीत लावा. पुढच्या उन्हाळ्यात गोंडे येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात बी पिकतं, आणि ते नेमकं ऑक्टोबर किंवा नाताळच्या पेरणीला ताजं हाताशी येतं. मात्र एकाच कांद्याचं बी धरू नका. कांद्याला परागीभवन परक्या फुलाशी लागतं, स्वतःशीच झालं तर पुढच्या पिढीचा जोम उतरतो आणि कांदे बारीक होत जातात. तुमच्याकडे तीन-चार चांगले नसतीलच, तर शेजारच्या आजोबांकडे एक मागा आणि तुमचे गोंडे त्यांच्या गोंड्यांशेजारी फुलू द्या.